फुल स्टॉप दिला म्हणजे वाक्य झालं असं नाही बे

प्रिय सच्या,

काय बे, बँकेच्या परीक्षेत एरर स्पॉटिंगनं, म्हणजे इंग्लिश वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांनी, घोळ घातला म्हणालास, म्हणून व्हॉईस नोट न पाठवता लिहूनच पाठवतोय, हे डोळ्यानं बघायचं काम आहे.

तू पाठवलेल्या वाक्यांतली पहिलीच ओळ घे. "व्हेन द सिद्धेश्वर एक्सप्रेस लीव्ज सोलापूर." कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी वाक्य नाही, कारण व्हेन लावलास की ऐकणारा विचारणार, मग पुढं काय? व्हेन उडव, वाक्य झालं. बिकॉज, इफ, ऑलदो यांचीही तीच गत. असल्या अर्धवटाला फ्रॅगमेंट म्हणतात.

"पीपल गोइंग टू द गड्डा यात्रा" हेही फ्रॅगमेंटच. गोइंग क्रियापदासारखं दिसतं पण आर किंवा वेअर सोबत नसेल तर ते एकटं वाक्य उचलत नाही. उलट नुसतं "गो!" हे पूर्ण वाक्य, यू आत लपलेला असतो. त्यामुळं लांबी बघूच नको.

आता आपला सगळ्यांचा लाडका घोळ. "आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." दोन्हीकडं पूर्ण वाक्य आणि मधे बिचारा एकटा कॉमा, त्याला एवढं वजन झेपत नाही, याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. कॉमाही काढलास तर रन-ऑन. इथं फुल स्टॉप दे, नाहीतर सेमीकोलन (;), नाहीतर कॉमाच्या पुढं बट लाव. बटच्या जागी हाउएव्हर लावून सुटशील असं वाटत असेल तर नाही, पेपर काढणारे तिथंच फसवतात. त्याच्या आधी सेमीकोलन किंवा फुल स्टॉप लागतो, नंतर कॉमा.

अजून एक, हे खास आपलं मराठी माणसाचं. जरी-तरीची सवय असल्यानं आपण "ऑलदो इट वॉज हॉट, बट वुई वॉक्ड टू पार्क चौक" लिहितो. दोन्ही नको, एकच ठेव. बिकॉज आणि सो चं पण तसंच. आणि मराठीत "आलो" म्हटलं की भागतं म्हणून इंग्लिशमधे पण कर्ता गिळतोस तू, "इज व्हेरी हॉट इन मे". अरे इट कुठाय? सोलापूरचं ऊन असलं तरी इट लागतोच!

पेपरात आधी खरं क्रियापद शोध, मग त्याचा कर्ता, मग कर्त्याच्या आधी व्हेन-बिकॉज चिकटलाय का ते बघ. कॉमा सगळ्यात शेवटी. सेमीकोलनचे बारीक नियम आत्ता सोड, तेवढे विचारत नाहीत.

पुढची मॉक टेस्ट झाली की चुकलेलीच वाक्यं पाठव, बरोबर आलेली नकोत. आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मह्या