मालवणचा ट्राय डाइव्ह म्हणजे नाइट डाइव्हचं लायसन्स नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमचा मुंबईतला स्कुबा करणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे आणि येत्या थंडीत कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या ला होयाला रात्रीचा डाइव्ह करायचा प्लॅन चाललाय, कारण तिथे हिवाळ्यात स्क्विड, म्हणजे आपलं माकुल, अंडी घालायला झुंडीने किनाऱ्याजवळ येतं. चौकशी करताना एका टूरवाल्याने फोनवर सरळ सांगितलं की सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, मालवणला एकदा केलंय ना मग झालं. ऐकून डोकं फिरलं, म्हणून हे पत्र.

मालवणला बहुतेक जण करतात तो ट्राय डाइव्ह. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो, आपण तोंडाने श्वास घ्यायचा, माशांना बघायचं आणि व्हिडिओसाठी हात हलवायचा. छान अनुभव आहे, जरूर करा. पण त्यात हवा किती उरली, किती खोल आलो, वर कधी जायचं हे सगळं दुसराच बघत असतो. ला होयाला लोक किनाऱ्यावरून लाटांतून चालत आत जातात, हिवाळ्यात पाणी 14-15 डिग्री, खाली आणखी गार, त्यामुळे हूड, ग्लोव्हज आणि जाड वेटसूट लागतो आणि एवढं सगळं घातलं की खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची शिशाची वजनंसुद्धा जास्त लागतात. त्यात तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याखालची दरी सुरू होते. काळोखात स्क्विडच्या मागे मागे माणूस उताराने कधी खाली सरकला ते कळतसुद्धा नाही, आणि ओपन वॉटर, म्हणजे सर्टिफिकेटचा पहिला कोर्स, केलेल्याची लिमिट 18 मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवाल्याची 30.

म्हणून आम्ही आधी इथेच तयारी करतोय. एका ओळखीच्या पूलमध्ये दिवे बंद करून मास्क काढायचा, परत घालायचा, आत शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं. टॉर्चच्या खुणा पाठ करायच्या, सावकाश गोल फिरवला तर ठीक आहे, जोरजोरात इकडून तिकडे हलवला तर मदत पाहिजे. टॉर्च बडीच्या, म्हणजे आपल्या डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, डोळ्यांवर मारायचा नाही, स्वतःच्या हातावर मारून खूण दाखवायची. प्रत्येकाकडे दोन टॉर्च आणि सिलिंडरला एक छोटा दिवा, म्हणजे कोण कुठे आहे ते दिसतं.

एवढा खटाटोप का, तर ते दृश्यच तसं आहे. हे स्क्विड जेमतेम सहा ते नऊ महिने जगतं आणि अंडी घालून झाली की मरतं. नर मादीला धरतो तेव्हा त्याचे हात गडद लाल होतात. मादी वाळूत बोटाएवढ्या पांढऱ्या मऊ नळ्या खोचून ठेवते, एकेका नळीत दोनशे-तीनशे अंडी, आणि झुंड मोठी असली की तळावर पांढरा गालिचाच अंथरला जातो. पिल्लं बाहेर यायला तीन ते पाच आठवडे लागतात, तोपर्यंत राखायला आई नाही न बाप नाही. म्हणून ज्याला पाण्यात एका जागी तरंगत राहता येत नाही, ज्याचे फिन्स (पायात घालायचे पंख) वाळूवर आपटतात, त्याने तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माकुल उजेडाकडे धावतं, तिकडचे मच्छीमार त्यासाठीच बोटींवर मोठे दिवे लावतात. तरी कॅलिफोर्नियात शुक्रवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत स्क्विडची व्यापारी मासेमारी बंद असते, अंडी घालायला तेवढ्या दोन रात्री मोकळ्या मिळाव्यात म्हणून. आपल्याकडे एलईडी दिवे लावून करायच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे आणि तरी आपले कोळी बांधव अजून तिच्याच तक्रारी घेऊन फिरतायत, हे फार वाईट वाटतं.

जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, स्क्विड येईलच याची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. एल निनोच्या वर्षी पाणी गरम झालं की त्यांची संख्या एकदम घटते, 1997-98 ला तसंच झालं होतं. त्यामुळे ‘शंभर टक्के दिसणार’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. परतीचं विमानही शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी घ्या.

तुम्हाला विनंती एवढीच की पर्यटन पुरवणीत अशा टूरच्या जाहिराती येतात तेव्हा कुठलं सर्टिफिकेट लागतं ते त्यात मोठ्या अक्षरात छापायला लावा. आणि ज्यांना खरंच जायचंय त्यांनी कोर्स आत्ताच बुक करा, कारण पावसाळ्यात मालवण-तारकर्लीला डाइव्हिंग बंद असतं आणि ओपन वॉटर, मग अ‍ॅडव्हान्स्ड, त्यातला नाइट डाइव्ह हे सगळं एका वीकेंडमध्ये होत नाही.

आपला,
एक वाचक, माहीम, मुंबई