124 की 210

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पुण्यातल्या त्या दोन जुन्या मर्सिडीजचे फोटो आणि कागद मिळाले. एक 1996 ची ई 220, जिला जाणकार नुसतं '124' म्हणतात, आणि दुसरी 2001 ची, म्हणजे '210'. तुम्ही शनिवारी बघायला जाणार, म्हणून उत्तर आधीच देते. 210 रत्नागिरीला आणू नका. 124 बघण्यासारखी आहे, पण इंजिनावरच्या वायरी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.

"मर्सिडीज आहे, तिला काय होतंय?" हा तुमचा विश्वास खोटा नाही. मात्र ते नाव काही विशिष्ट वर्षांत कमावलं गेलं आणि काही विशिष्ट वर्षांत घालवलंही गेलं. या दोन गाड्या नेमक्या त्या वळणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आहेत. चांदणी दोघींच्या बॉनेटवर सारखीच आहे, म्हणून चांदणीवरून काही कळणार नाही.

आई, मर्सिडीज म्हणजे कोण, असं तू विचारलंस. ते एका मुलीचं नाव. एमिल येलिनेक हा फ्रान्समधल्या नीसला राहणारा धनिक व्यापारी डाइमलर कंपनीच्या गाड्या घेऊन विकायचा आणि आपल्या लेकीच्या नावाने शर्यतीत उतरवायचा. त्याच्या आग्रहावरून डाइमलरचा अभियंता विल्हेल्म मायबाखने 35 अश्वशक्तीची, बुटकी, लांब, मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर असलेली गाडी बनवली. 1901 साली नीसच्या शर्यतींत ती जिंकली आणि 1902 मध्ये कंपनीने ते नाव नोंदवून टाकलं. कार्ल बेन्झ यांची कंपनी मानहाइमची, अगदी वेगळी. दोन्ही एक झाल्या 1926 साली. तीन टोकांची चांदणी डाइमलरची, भोवतीची पानांची माळ बेन्झची.

पण मला वाटतं, या सगळ्यात तुला आवडेल ती बर्था बेन्झ. कार्ल बेन्झ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट मागितलं. एक सिलिंडर, 954 सीसी, जेमतेम पाऊण अश्वशक्ती. गाडी होती, गिऱ्हाईक नव्हतं. ऑगस्ट 1888 मध्ये बर्थाबाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. अंतर सुमारे 100 किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, इग्निशनची वायर उघडी पडली तिथे मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला, व्हीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन हे द्रावण विकत घेतलं, आणि लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. परत आल्यावर त्यांनी चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सांगितलं आणि तो बसवला गेला. त्या प्रवासाने गाडी चालते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मी तर त्यांना या कंपनीच्या पहिल्या टेस्ट ड्रायव्हर मानते.

बाबा, तुम्ही अजूनही 'टाटा-मर्सिडीज' म्हणता त्याचं मूळ 1954 च्या करारात आहे. टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेन्झ यांनी जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले आणि 15 वर्षं त्या ट्रकांच्या तोंडावर चांदणी होती. 1969 ला करार संपला, चांदणी गेली, पण माणसांच्या तोंडातलं नाव गेलं नाही. आपल्याकडे मर्सिडीजचा लौकिक श्रीमंतांच्या गाडीआधी घाटात मालाने भरून चढणाऱ्या ट्रकने केला. कंपनी मोटारगाड्यांसाठी भारतात आली ती 1994 मध्ये. गाड्या आधी पिंपरीला टेल्कोच्याच आवारात जुळवल्या जायच्या, 2009 पासून चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात. पिंपरीतून निघालेली पहिली गाडी म्हणजेच ही 124, म्हणून पुण्यात ती जाणणारे जुने मेकॅनिक अजून सापडतात. हा फायदा मोठा आहे.

लौकिकाला पायाही होता. बेला बारेन्यी नावाच्या त्यांच्या अभियंत्याने मांडलं की गाडीचा पुढचा आणि मागचा भाग ठोकरीत चुरगळला पाहिजे आणि मधला, माणसांचा पिंजरा तसाच राहिला पाहिजे. 1959 च्या मॉडेलमध्ये ते पूर्ण उतरलं. 1978 मध्ये बॉश कंपनीबरोबर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणलं, त्यानंतर लवकरच एअरबॅग. आज आपल्या लहान गाड्यांतही जे मिळतं त्याचा बराचसा रस्ता तिथून आलेला आहे. त्याच कंपनीचा युद्धकाळ मात्र लपवता येत नाही. 1944 साली तिथल्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीने राबवलेले होते: परदेशी मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतली माणसं. लौकिकाबद्दल बोलायचं तर हेही त्याच खात्यात लिहिलं पाहिजे.

आता वळणाचं सांगते. 1970 आणि 80 च्या दशकांत या गाड्या आधी हव्या तशा बनवायच्या आणि मग किंमत लावायची, अशी रीत होती. 124 च्या आधीची 123 आणि तिच्यानंतर 1984 अखेरीस आलेली 124, दोन्ही प्रत्येकी 25 लाखांच्या वर बनल्या, आणि जगभर टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर चालल्या. मग 1989 मध्ये जपान्यांची लेक्सस आली. कमी किमतीत तितकीच शांत गाडी. त्यानंतर किंमत आधी ठरवून गाडी त्यात बसवायला सुरुवात झाली, आणि काटकसर पहिल्यांदा पत्र्यात दिसली. 1997 साली स्वीडनमध्ये त्यांची छोटी ए-क्लास वळवताना उलटली, तेव्हा कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) घालून दिलं, हे त्यांचं चांगलं. 2005 मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक्स आणि ब्रेकसाठी 13 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नंतर दर्जा सावरला, पण तुमच्यापुढची 210 त्या खड्ड्यातल्या वर्षांची आहे.

तिचं दुखणं गंज. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीच्या कुलपाभोवती फुगलेला रंग, हे दिसतं तरी. खरा धोका दिसत नाही. पुढच्या स्प्रिंगचं वरचं टोक ज्या वाटीत बसतं ती वाटी अंगाला वेल्ड केलेली आहे आणि कडेने सीलंट फासलेलं आहे. सीलंटखाली ओल शिरते, पत्रा आतून गंजतो, वरून सगळं काळं गुळगुळीत दिसतं. एक दिवस वाटी सुटते, स्प्रिंग वर घुसते आणि ते चाक बसतं. हातखंब्याच्या उतारावर हे होऊ नये एवढीच माझी इच्छा. पुण्याच्या कोरड्या हवेत ती गाडी अजून काही वर्षं चालेल. आपल्या खाऱ्या वाऱ्यात नाही.

124 चा पत्रा त्याहून पुष्कळ बरा, पण तीस वर्षांचा आहे हे विसरू नका. शनिवारी एक चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. पुढच्या मडगार्डचा खालचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालचा पट्टा इथे लावा. चुंबक धरत नसेल तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारांखाली जॅक घालायच्या भोकांना चार झाकणं असतात, ती काढून आत बोट आणि मग स्क्रूड्रायव्हर घालून बघा. माती भरलेली असेल तर ओल तिथेच बसलेली असते. बॅटरी उचलायला सांगा, तिच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंग फुगलाय का तेही बघा.

आता वायरी. 1992 च्या सुमारापासून 95-96 पर्यंतच्या इंजिनांना जी वायरिंग आली तिचं आवरण उष्णतेने कडक होऊन भुगा होतं. पर्यावरणाचा विचार करून ते साहित्य निवडलं होतं, हेतू चांगला होता, पण इंजिनाच्या गरमीत ते टिकलं नाही. तुमची गाडी नेमकी याच टप्प्यातली. लक्षणं फसवी असतात: आयडलिंगला इंजिन हलतं, मधेच एक सिलिंडर सोडतं, गरम झाल्यावर बंद पडलं की तासभर चालू होत नाही. मेकॅनिक प्लग बदलतात, पेट्रोल पंप बदलतात, आणि दोष वायरीत असतो. तपासायचं असं: इंजिन थंड आणि बंद, बॅटरी सुटी. इंजेक्टरकडे जाणाऱ्या जुडग्याचं बाहेरचं काळं वेष्टण दोन इंच मागे सरकवा आणि आतली एक वायर बोटाने हलकेच वाकवा. मऊ राहिली तर ठीक. तडा गेला, पापुद्रे पडले किंवा तांबं दिसलं, तर ती गाडी नवी वायरिंग पडेपर्यंत चालू करू नका. दोन उघड्या वायरी टेकल्या तर इंजिनाचा कॉम्प्युटर जळतो आणि तो वायरिंगपेक्षा महाग. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा सांभाळणाऱ्या) यंत्राच्या आतही त्याच वायरी असतात, तेही लक्षात ठेवा. वायरिंग आधीच बदललेली असेल तर मालकाकडे बिल असेल. बिल मागा, शब्दावर जाऊ नका. माझ्या मते या सौद्यात भाव पाडायची हीच एक खरी जागा आहे.

इंजिन 2199 सीसी, 150 अश्वशक्ती, टायमिंगला बेल्ट नाही, साखळी आहे. सकाळी थंड गाडीच चालू करायला सांगा, तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलेली नको. क्षणभर खडखड चालते, पाच-सहा सेकंदांवर राहिली तर साखळी किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजलाय. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. एकमेकांतला फरक दीड बारपेक्षा जास्त नसावा. रेडिएटरच्या वरच्या पाइपचं प्लास्टिकचं नरडं जुनं झालं की चिरतं. पाणी एका दमात जातं, आणि तापमानाची सुई बघायच्या आत हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलेलं असतं. रेडिएटर जुना असेल तर गाडी घेतल्याबरोबर तोच पहिला बदला. त्यात नळाचं पाणी कधीही घालू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, नळाचं पाणी त्याला खातं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. सुई 110 कडे गेली की तिथेच थांबा, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" नको.

एसी अर्धा तास चालू ठेवून बघा. या गाडीचा इव्हॅपोरेटर (एसीची हवा थंड करणारा भाग) गळतो आणि तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वस्तूपेक्षा मजुरी मोठी, आणि परत बसवताना तीस वर्षांचं प्लास्टिक तुटतं. "गॅस भरला की झालं" असं विक्रेता म्हणाला तर ती गळतीच समजा. गाडी रॅम्पवर घेऊन प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे रबरी डिस्क बघा. बोल्टांच्या मधे चिरा दिसल्या तर बदलायचे, आणि नट नवेच घालायचे.

वायपर एकच आहे, पण काचेचा 86 टक्के भाग पुसतो, कारण फिरता फिरता त्याचा हात लांब-आखूड होतो. त्या आतल्या यंत्रणेतलं ग्रीस सुकलं की तो मंद होतो आणि दाते झिजतात. जूनच्या आधी ग्रीस करून घ्या. आपल्या पावसात दुसरा वायपर नाही हे विसरून चालणार नाही. त्याच दिवसांत बॉनेटच्या मागची, काचेखालची पाणी जायची भोकं साफ ठेवा. अंगणातल्या आंब्याची पानं तिथे साचली की पाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत उतरतं.

पेट्रोलचं एक नवं सांभाळायचं आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असतं, आणि 1996 चे रबरी होज त्यासाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी होज बदलून घ्या आणि टाकी महिनोन्महिने भरून ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस किलोमीटर चालवा. समुद्राकडून आलात की खालून साध्या पाण्याने धुवा, नळी चाकांच्या कमानींत आतून मारा.

आई, मागच्या सीटचे पट्टे तू स्वतः ओढून बघ. झटका दिला की अडकले पाहिजेत आणि सोडले की पूर्ण परत गेले पाहिजेत. कडा उसवलेल्या असतील तर पट्टा बदलायचा, शिवायचा नाही. आणि गुडघ्यांसाठी चढ-उतर करून बघ, ही गाडी आजच्या उंच गाड्यांपेक्षा खाली आहे. तुला त्रास झाला तर बाबांना तिथेच सांग, संकोच नको.

कागदांत: चेसिस नंबरात 124022 दिसलं पाहिजे, इंजिन नंबराची सुरुवात 111960. आरसीवर आणि गाडीवर दोन्हीकडे जुळवा. 15 वर्षांनंतरची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, ती कधीपर्यंत आहे आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. एमएच 12 वरून एमएच 08 ला नाव बदलताना थकबाकी तुमच्या गळ्यात नको.

वायरीचा फोटो उजेडात, जवळून काढा आणि तिथूनच मला पाठवा. तोवर चहा घ्या, पण पैसे काढू नका.

तुमची,
ताई