तिरक्या रेषेखालचा सूर

सोलापूर

प्रिय सुहास,

गड्ड्याची जत्रा सुरू आहे, रात्री घरी यायला उशीर होतो, म्हणून उत्तर लांबलं.

गाण्याच्या शीटवर, म्हणजे कॉर्ड लिहिलेल्या कागदावर, ‘डी/एफ शार्प’ लिहिलं असेल तर डी वाजवायचा की एफ शार्प, असं तू विचारलंस. दोन्ही! ती रेषा ‘किंवा’ची नाही. तिच्या आधी असतो तो कॉर्ड (एकत्र वाजवायचे काही सूर), नंतरचा एकच सूर, आणि तो सगळ्यांत खाली, खर्जात. की-बोर्डवर बघ (पेटीवर नको, डावा हात भात्यात अडकतो). पांढरी एकचा सा धर. उजव्या हाताने सा-ग-प (सी-ई-जी), म्हणजे सी मेजर. डाव्याने खालचा ग दाबलास की झाला सी/ई, खालचा प दाबलास की सी/जी. सूर तेच, पण बैठक पार बदलते.

खरी गंमत बेसच्या, म्हणजे त्या खालच्या सुराच्या, चालीत आहे. जी, डी/एफ शार्प, ई मायनर असं वाजव आणि फक्त खालचे सूर गुणगुण: जी, एफ शार्प, ई. एकेक पायरी उतरतात. साधा डी घेतलास तर बेस जीवरून थेट डीवर जातो नि मग पुन्हा ईवर चढतो. गाणं चुकत नाही, पण ती उतरण गेली. ए मायनर, ए मायनर/जी, एफ इथेही तेच. म्हणून शीट हातात आली की मी आधी कॉर्ड बघतच नाही, खालचे सूर ओळीने गाऊन घेतो. तूही तसंच कर.

तो सूर कॉर्डमधलाच असतो असं मात्र नाही. एफ/जी घे. एफ मेजरमध्ये जी नाहीच, तरी तो खाली ठेवला की सगळं अधांतरी लटकतं आणि सीवर आल्यावर सुटतं. हा माझा सगळ्यांत लाडका.

गिटारवर एफ शार्प म्हणजे सगळ्यांत जाड तारेचा दुसरा पडदा, बरेच जण तो अंगठ्याने वरून दाबतात. अंगठा पुरत नसेल आणि सोबत बेसवाला असेल तर तो सूर त्याच्यावर सोड, तू खुशाल साधा डी वाजव. आणि हो, अक्षरांशिवाय नुसत्याच तिरक्या रेषा दिसल्या तर त्या मात्रा मोजायच्या. त्यांचा याच्याशी संबंध नाही.

शेंगाचटणी कुरिअरने पाठवतोय. वहिनींना नमस्कार सांग, आणि शीटमधलं पुढचं पान फोटो काढून पाठव, त्यात ‘सी/बी फ्लॅट’ असेल असा माझा अंदाज आहे.

तुझा,
श्रीकांत