छापील गुणपत्रिकेपायी ऑनर्स हुकणार?

महोदय,

माझी मुलगी यंदा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झाली. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स (चार वर्षांची पदवी) करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत, असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम. तिला 78 आहेत. अर्जाची सूचना महाविद्यालयाच्या फलकावर शुक्रवारी लागली, मुदत बुधवारपर्यंत. सहाव्या सत्राचा निकाल ऑनलाइन लागलाय, पण छापील गुणपत्रिका अजून आलेली नाही. खिडकीवरचे कारकून म्हणाले, "प्रिंट चालत नाही, ओरिजिनल आणा." आणू कुठून? (बँकेला तीच प्रिंट चालली!) ऑनर्स झालं तर बाहेरगावी राहून करायचं एमएस्सी दोनऐवजी एका वर्षात होतं, आमच्यासारख्यांना एका वर्षाची खोलीभाड्याची बचत मोठी असते. गुणपत्रिका येईपर्यंत विद्यापीठाने ऑनलाइन निकालावर तात्पुरते अर्ज घ्यावेत.

– एक पालक, दापोली