जत्रेच्या मीटिंगला जायच्या आधी वाच

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री दोनदा ऐकला. तू माळ घातलीस हे ऐकून जीव भरून आला रे, पण पुढचं ऐकलं आणि झोपच लागेना. सप्ताह संपला की देवळातल्या मीटिंगला उभा राहणार, जत्रेत बोकडं कापणं बंद करा म्हणणार, आणि मटण खाणाऱ्यांसाठी "खारं खाणाऱ्यानं विठ्ठलाचं नाव घेऊ नये" हे वाक्यपण तयार ठेवलंयस. बोकडं बंद व्हावीत असं मलाही मनापासून वाटतं, नऊ वर्षं झाली माझ्या माळेला, पण ते वाक्य नको. का नको ते सांगतो, आणि त्यासाठी तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगावी लागणार आहे.

माझी माळ नवीन होती त्या वर्षीची जत्रा. तू पुण्यात कामाला होतास. गोडा नैवेद्य झाला, दुसऱ्या दिवशी खारं, तुमच्या घरात पाव्हण्यांनी पाय ठेवायला जागा नाही, चुलीवर रस्सा उकळतोय, आणि त्या सगळ्या गडबडीत मावशींनी मागच्या पडवीत तीन विटा मांडून माझ्यासाठी वेगळं पिठलं टाकलेलं. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, आज या घरातलं मला चालणार नाही, विटाळ होतो. हाच शब्द वापरला मी. त्यांच्या हातात पळी होती ती तशीच राहिली, पिठल्याचा एक थेंब विटेवर पडून चर्र झाला, मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं बाळा, चहा तरी घे." तो पण घेतला नाही. नंतर कळलं की पातेलं आणि पळी दोन्ही त्यांनी शेजारच्या माळकरी आजीकडनं मागून आणली होती, माझा नेम मोडू नये म्हणून. दोन वर्षांनी तुझ्या धाकट्या भावाला म्हटलं वारीला चल, तर तो खाली बघत म्हणाला, "आमचा विटाळ होतो ना तुम्हाला."

दोस्ता, विटाळ हा शब्द जनावराच्या दयेतून आलेलाच नाही. माणसाला लांब ठेवायला वापरलाय तो पिढ्यान् पिढ्या, आणि सुकट-बोंबलाच्या वासावरून ज्याला भाड्यानं खोली नाकारलीय त्याला तो आपल्या तोंडून ऐकताना काय होतं ते आपण ध्यानातच घेत नाही. आपण म्हणतो भूतदया, मग समोर बसलेला माणूस त्या भुतांत येत नाही का?

गाडगेबाबांचं बघ. देवाच्या नावानं चालणाऱ्या पशुहत्येला त्यांच्याइतका विरोध कुणी केला असेल? स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, म्हणजे सुरुवात घरापासून केली. आणि कीर्तनात काय करायचे, तर वऱ्हाडीत साधे साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. पण त्याआधी हातात खराटा घेऊन त्याच लोकांचं गाव झाडलेलं असायचं, मला वाटतं म्हणून लोक चिडून उठून जात नव्हते, ऐकत होते.

तुझ्या मीटिंगमध्ये पण तेच कर. नवस कुणी बोललाय ते विचार. बहुतेक वेळा पोरगं दवाखान्यात असताना आईनं बोललेला असतो तो, तिला अडाणी म्हणू नकोस, तिची भीती ऐकून घे. आणि मानाचं विसरू नकोस. बोकड बंद म्हटलं की ज्याच्या घराला वाट्याचा मान आहे त्याला ऐकू येतं की आमचा मान बंद. म्हणून बोकडाऐवजी कोहळा कापायचा ठरला तर तो कुणी कापायचा, नारळ कुणी फोडायचा हे मीटिंगच्या आधी त्यांच्या ओट्यावर बसून बोलून घे, स्पीकरवरून नको.

आमच्या भजनी मंडळात परवा उलटंच झालं. एक मुलगी आहे, पुण्यात शिकते, तिनं दूधपण सोडलंय. ती म्हणाली, "आजोबा, जर्सीला गोऱ्हा झाला तर त्याचं काय करतात?" आरोप नाही काही नाही, विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसली. आम्ही सगळे माळकरी, सगळ्यांच्या गोठ्यात गाया. २०१५ पासून तर बैलपण कायद्यानं कापता येत नाही, आणि संकरित गोऱ्हा शेतकामाला फारसा धरत नाहीत. आजोबा बराच वेळ टाळ हातात धरून बसले, मग म्हणाले, "पुरतं दूध पाजत नाहीत गं त्याला. मी पण नाही पाजलं." कुणी बोललं नाही त्यावर. दूध आम्ही कुणी सोडलेलं नाही, पण त्या दिवसापासून खारं खाणाऱ्याला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि आजोबा आता गोऱ्ह्यासाठी एक सड राखून ठेवतात.

अजून एक. २९ जून २०२३ आठवतोय? आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. कुर्बानी ईदच्या पुढच्या दोन दिवसांतही करता येते, म्हणून कितीतरी गावांतल्या मुसलमान भावांनी शांतता समितीच्या बैठकीत बसून सांगितलं की एकादशीला आम्ही कुर्बानी करणार नाही. आपण कुणी त्यांना दया शिकवायला गेलो नव्हतो, शेजाऱ्याच्या उपासाचा विचार त्यांनी केला. मावशींनी पण त्या पडवीत दुसरं काय केलं होतं?

मीटिंगला मी येतोय. तू बोलताना शेजारी बसेन, पण आदल्या रात्री तुझ्याकडंच मुक्काम. मावशींना अजून काही सांगू नकोस, माफी माझी मीच मागणार आहे. फक्त एवढं विचार, पिठलं टाकाल का म्हणावं, आणि पातेलं घरातलंच घ्या.

तुझाच