नर्मदाकाठच्या अनोळखी माणसांना

ओंकारेश्वरला बाटलीतलं नर्मदाजल वाहिलं, कढाईचा प्रसाद झाला आणि पायी परिक्रमा पूर्ण झाली. मैयाला उजव्या हाताला ठेवून, तिला कुठेही न ओलांडता झालेल्या या अडीच हजार किलोमीटरहून जास्त वाटेवर ज्यांनी सांभाळलं, त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

‘कितनी मूर्ती?’, म्हणजे किती जण, एवढंच विचारून पीठ, डाळ, तांदूळ सदावर्त म्हणून देणाऱ्या सगळ्यांचे. नर्मदा समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून मिठी तलाईकडे भरतीच्या वेळा सांभाळत खाडी पार करवणाऱ्या नावाड्यांचे. अमरकंटकच्या थंडीत स्वतःची रजई माझ्या अंगावर टाकणाऱ्या आजींचे.

सगळ्यात जास्त ऋण मात्र शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलातल्या, भिल्ल-पावरा आदिवासी घरांचं. पूर्वी इथे परिक्रमावासी लुटले जायचे, असं सांगून निघताना मला सगळ्यांनी घाबरवलं होतं. प्रत्यक्षात आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर ताईंनी चुलीजवळची जागा मला दिली, ज्वारीची भाकरी वाढली आणि पहाटे त्यांचा मुलगा चढ संपेपर्यंत माझी पिशवी घेऊन पुढे चालला. पैसे घ्यायला दोघांनीही नकार दिला. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात या भागातल्या कितीतरी लोकांची शेतं बुडाली. तरीही वाटसरूला ते उपाशी जाऊ देत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

ताई, दादा, तुमच्यामुळेच मी पोहोचले. मनापासून आभार.