चारांत एक : जनुकीय समुपदेशक मॅडमना खुले पत्र

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

लग्नाआधीच्या रक्ततपासणीविषयी विचारायला मी आईला घेऊन आपल्याकडे आले होते. आम्ही चार भावंडे. थोरल्या भावाला आणि धाकट्या बहिणीला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार आहे. भावाचे निदान झाले तेव्हा एका डॉक्टरांनी "चारांत एक" एवढेच सांगून आईबाबांची बोळवण केली होती, आणि घरात त्याचा अर्थ असा लावला गेला की वाट्याचे दुखणे येऊन गेले, आता पुढची तीन मुले सुखरूप. बहिणीलाही तोच आजार निघाला तेव्हा हिशेब चुकला तो आपल्याच कसल्यातरी दोषामुळे, असे आईने मनाशी धरले आणि वर्षानुवर्षे कोणाला सांगितले नाही. ते ओझे आपण तासाभरात उतरवलेत, म्हणून हे पत्र.

आपण कागदावर चार चौकटी आखल्यात. अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीवर बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका घटकाच्या) जनुकाच्या दोन प्रती असतात. आईबाबा दोघेही वाहक, म्हणजे दोघांचीही एक प्रत चांगली आणि एक सदोष, आणि मुलाला प्रत्येकाकडून एकच मिळते. एका चौकटीत दोन्ही चांगल्या, दोन चौकटींत एकेक सदोष म्हणजे वाहक, चौथीत दोन्ही सदोष म्हणजे आजार. हा तक्ता मी शाळेत पाठ केला होता. मात्र त्या चार चौकटी म्हणजे चार मुले नव्हेत, प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी त्या चारही नव्याने मांडल्या जातात, हे मला त्या दिवशी उमगले.

"मग दोघांना कसे?" असे आईने विचारले, तेव्हा आपण वाहक आईबाबांची, चार-चार मुलांची २५६ घरे कल्पून दाखवलीत. सरासरीने ८१ घरांत एकही मूल आजारी नसेल, १०८ घरांत नेमके एक असेल आणि ६७ घरांत दोन किंवा अधिक. पहिली ८१ घरे दवाखान्याची पायरी चढतच नाहीत. उरलेल्या १७५ पैकी ६७, म्हणजे शंभरात सुमारे अडतीस घरे आमच्यासारखीच. गणिताच्या वाटेला कधी न जाणाऱ्या आईने तो ६७ चा आकडा आपल्याकडून दोनदा वदवून घेतला.

वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे उदाहरणही आपण अगदी योग्य जागी दिलेत. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे आहेत, म्हणजे जवळजवळ तीनास एक. पण त्याच प्रयोगातल्या एका झाडावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले, तर दुसऱ्या झाडावर १४ आणि १५. प्रमाण दिसते ते हजारोंच्या राशीत, एकेका झाडाला ते बांधील नसते. (शाळेत आम्हाला फक्त तीनास एक शिकवले, ही दोन झाडे कोणी दाखवली असती तर बरे झाले असते.)

माझ्यापुरता प्रश्न आला तेव्हा मी घाईने "मी वाहक असण्याची शक्यता निम्मी" असे म्हणाले. आपण चौथ्या चौकटीवर बोट ठेवून ती झाकलीत. मला आजार नाही हे ठाऊकच होते, त्यामुळे उरल्या तीन चौकटी आणि त्यांतल्या दोन वाहकाच्या, म्हणजे दोन-तृतीयांश. पुढे तपासणीत मी वाहक निघाले. माझ्या होणाऱ्या पतींच्या तपासणीत थॅलेसेमिया किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा कोणताही दोष आढळला नाही, त्यामुळे आमच्या मुलांना मेजरची भीती नाही. वाहकपणाची शक्यता मात्र दर वेळी निम्मी राहील.

मधल्या भावाची तपासणी अजून व्हायची आहे. परवा आईनेच आपला तो कागद काढून त्याला समजावले. झाकायला बोट तिसऱ्याच चौकटीवर गेले होते, ते तिने स्वतःच सरकवले, आणि उत्तर दोन-तृतीयांश असे बरोबर सांगितले.

आपली कृतज्ञ,
दोन-तृतीयांशातली एक